मनोरा सात

पोर्तुगालच्या या डोंगरावरून
आजोबा झेफेरिनोंच्या शेळ्या सरकारने हाकलल्या.
दंडाची पावती अजून आहे: बारा एस्कुदो.
मग पाइन लावले, कवायतीला उभे केल्यासारखे.
झुडपं खायला कुणी उरलं नाही.

त्या ऑगस्टात आग वाऱ्याच्याही आधी पोचली.
आईने ओलं गोणपाट मारलं,
भोपळ्याच्या आळ्यातली माती फेकली,
घंटेचा दोर हातातच जळाला.

मी आता मनोऱ्यावर बसते, दुर्बीण घेऊन.
धूर लगेच धूर म्हणायचा नाही;
कधी धुकं असतं, कधी दुआर्तेची दारूची भट्टी.

काल पालिकेचा ट्रक आला.
अग्निशमनच्या हजेरीपटावर नवी भरती:
चाळीस शेळ्या.

वायरलेस खरखरला, मनोरा सात, काय दिसतंय?
चरतायत, म्हटलं.

खाली उतरून पावती एकीपुढे धरली.
हुंगून ती
काटेरी झुडपाकडे वळली.