समजा

फळ्यावर मी इंग्रजीत लिहिते,
पण खडू उचलताना मनात तेच, शाळेतलं: समजा.
समजा, बेटावर क्ष माणसं आहेत.
समजा, ती एकमेकांत सारखी मिसळतात,
चहात साखर मिसळावी तशी.
(मिसळत नाहीत. पण समजा.)

बारा जण, दोन आठवडे, सरोवराच्या काठाला पत्र्याचं छप्पर.
वीज दुपारी तीनला जाते,
म्हणून समीकरणं सकाळी, भांडणं दुपारी.
थोकोझानी डॉक्टर आहे, त्याला ग्रीक अक्षरांची धास्ती.
तिरुवर्कला अक्षरांची नाही, रक्ताची.
आकेयो नैरोबीची, सव्वीस वर्षांची,
कशालाच न भिणारी.
काळजी मला तिची.

तिच्या वाट्याला दवाखान्याची तापाची वही आली,
तीन वर्षांची, रोजची, कधी निळ्या शाईत कधी काळ्या.
पावसानंतर हिवताप चढतो, कोरड्यात उतरतो,
एवढं तिच्या प्रतिमानानं जेवणाआधी पकडलं.
वजाबाकी करून तळाशी जे उरलं,
तो एक बारीक हेलकावा होता,
दर एकोणतीस दिवसांनी वर, मग खाली,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

रात्रभर जागून तिनं त्याला नाव दिलं:
परजीवीचं चक्र, प्रतिकारशक्तीची ओहोटी.
तीन नवी अचलं, एक कोज्या.
वक्र ठिपक्यांवर असा बसला
की वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही.
मग विचारलं, ताळा केलास?
म्हणाली, कशाशी?

मी तिला वही परत द्यायला पाठवलं.
त्यात डावपेच नव्हता,
वही खरंच परत द्यायची होती.

सिस्टर पेरेझ गोळ्या मोजत होती.
आकेयोनं आलेख उभा धरला, मग आडवा.
पेरेझनं चष्मा कपाळावर नेला,
उंचवट्यावर बोट ठेवलं, खळग्यावर, पुन्हा उंचवट्यावर,
आणि इतकी हसली
की बाकावरची तापलेली पोरंही हसली.
"अगं, हा चंद्र आहे."

अंधाऱ्या रात्री अख्खा गाव पाण्यावर असतो.
दिव्याला भुलून ओमेना वर येते, बोटाएवढी, चंदेरी.
जाळी ओढणारे दिवसा झोपतात, ताप अंगावर काढतात,
बायका मासळी वाळवत घालतात;
पोराला घेऊन रांगेत कोण बसणार?
चांदणं भरलं की होड्या काठाला,
मग सगळे एकदम.
"आमच्यात चंद्राला नि महिन्याला शब्द एकच, द्वे.
तुला नैरोबीत कुणी शिकवला नाही?"

मला वाटलं, पोर नरम होऊन येईल.
आली ती चिडून.
"वीस लाख वेळा चालवलं मी ते. वीस लाख!"
मग पाणी प्यायली, खडू घेतला,
कोज्या तशीच ठेवली, तिचं नाव तेवढं पुसलं.
आणि पाठमोरीच म्हणाली,
अंधाऱ्या रात्रींचा ताप मग कुठल्या वहीत असतो?

कुठल्याच नाही.
तो हातचा. रकान्यात दिसत नाही,
पुढच्या रकान्यात येऊन बसतो,
आणि धरायला विसरलं की अख्खी बेरीज लटकी.
तीस वर्षं मी 'समजा' म्हणत आले, गृहीत धरा या अर्थी.
दुसरा अर्थ माझ्या टिपणांत नव्हता.

गुरुवारी अमावास्या होती.
संध्याकाळी माझं व्याख्यान, समतोलाच्या स्थिरतेवर.
श्रोते चार. एकाला झोप आलेली.
बाकीचे धक्क्यावर, थर्मामीटर, बोटाच्या सुया,
नवी कोरी वही प्लास्टिकच्या पिशवीत.
रक्ताचा थेंब तिरुवर्क घेणार म्हणे, डोळे मिटून.
थोकोझानी हसत होता. आकेयो नाही.
तिनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती;
पोहता येत नाही, हे तिनं अर्जात लिहिलं नव्हतं.

फळा पुसून मी खिडकीत उभी राहिले.
पाण्यावरचे दिवे मोजायला घेतले.
एकेचाळीसपर्यंत आले.
ते हलले. पुन्हा एकपासून.