अकरावा सीझन, चार डिस्क

आधी खोक्याबद्दल.
पुठ्ठा जाड आहे, पण गणपती पेठेतून
विश्रामबागला येईपर्यंतच कोपरे दबले.
आत चार डिस्क, एक घडीचं पत्रक,
आणि म्हशीचं स्टिकर, जे नातीनं
मला विचारायच्या आत फ्रिजला लावलं.
किंमत सहाशे नव्वद. महागच.
पण दहा सीझन घेतलेल्या माणसानं
अकराव्याला घासाघीस करायची म्हणजे
हात धुतल्यावर आमटीत मीठ विचारायचं.

'बिऱ्हाड बोंबल्यांचं' मध्ये नवीन काय?
नाना बोंबले त्याच कचेरीत, त्याच लंगड्या टेबलाशी.
गुंड्या सोळा वर्षं चौथीत.
म्हैस अजून तिसऱ्या मजल्यावर,
आणि ती वर चढली कशी
हे याही वेळी कोणी विचारत नाही.
विचारतील त्या दिवशी मालिका संपेल.

चित्र स्वच्छ. जरा जास्तच धुतलेलं;
नानांच्या शर्टाच्या काखेत एक पिवळा असायचा,
तो गेला.
तिसरा भाग उत्तम:
म्हशीला रेशनकार्ड मिळतं, नानांना मिळत नाही.
हसलो, मागं नेऊन पुन्हा हसलो.
पाच ते आठ नुसते भरीला.

आता आवाज.
इथं यायचं टाळत होतो.

दहा सीझन नाना म्हणजे आमचा सुकुमार मगदूम.
मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजी,
बत्तीस वर्षं हळदीच्या पोत्यांत.
संध्याकाळी नाटकात मिळेल ते काम:
हवालदार, दुसरा सरदार,
विंगेतला जमाव, एकट्यानं.
महिन्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं पुण्याला,
खिशात ज्येष्ठमध,
रात्री परत, सकाळी पुन्हा पावत्या.

नाना वाक्याआधी खोकतात ना,
उसने मागताना, बायकोशी खोटं बोलताना,
तो खोकला कोणी लिहिलेला नव्हता.
ती हळद होती.
रेकॉर्डिंगचा पोरगा म्हणाला, काका, पुन्हा घेऊ.
पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला.
मग म्हणे राहू दे, नानांना शोभतो.
पुढं सांगलीतली निम्मी पोरं
गृहपाठ विचारला की तशी खोकायला लागली.

सुकुमार गेल्या माघात गेला.

नवा माणूस चांगला आहे. पत्रकात नाव बारीक.
ठेका धरलाय, नाकातला सूर धरलाय,
खोकला तर इतका तंतोतंत
की मी रिमोट खाली ठेवला.
फक्त, सुकुमार तो दाबायला बघायचा.
हा खोकतो
आणि हशाला जागा ठेवतो.

बायकोला ऐकू कमी येतं,
म्हणून खालची अक्षरं आमच्याकडं कायम चालू.
जुने संच काढून रात्री दोनपर्यंत बसलो.
दहा सीझन नाना खोकतात
आणि खाली काही उमटत नाही.
अकराव्याच्या पहिल्याच भागात, कंसात,
(खोकतात).

जोड म्हणून चौथ्या डिस्कवर वगळलेले प्रसंग,
सगळे मिळून सात मिनिटं.
पाचव्यात रंग भरलेले नाहीत, पेन्सिलीच्याच रेघा.
नाना चप्पल शोधतायत.
तोंड मिटलेलं, हलतच नाही,
आणि आवाज येतो,
"थांबा वो जरा. पाणी द्या."
ग्लास ठेवल्याचा आवाज. कोणीतरी हसतं.
चप्पल सापडायच्या आत संपतं.

मिरजेला पद्मजाला फोन केला, त्याच्या लेकीला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काका, डिस्क द्या,
पण आमच्याकडं आता प्लेअरच नाही.

तेव्हा रविवारी प्लेअर, वायरी आणि खोकं
एका पिशवीत घालून सिटी बसनं निघतोय.

तारे तीन.
कोपरे दबले नसते तर साडेतीन दिले असते.