दुभाषी

पासवर नाव चुकलं: इरपा लेकामीचं
इरफान लेकामी झालं,
आणि गेटवरच्या जवानाने तीन प्रश्न जास्त विचारले.
भोपळ्याचा बुरका मशीनमधून दोनदा गेला.
आंबील आहे, मी म्हटलं.
उघडा, तो म्हणाला.

मला टायपिंग अर्धं सोडून बोलावलेलं,
मंत्रालयात माडिया येणारी मी एकटीच म्हणून.
चौदा वर्षांत ती फक्त आईशी फोनवर बोलले,
आणि झोपेत, कुणावर रागावले तर.

सहाव्या मजल्यावर साहेबांनी विचारलं,
त्या हवालदाराला दादालोकांकडून सोडवलं ते तुम्हीच?
गायता म्हणाला, सात गावचे सात म्हातारे गेलो.
तीन रात्री बसलो.
पहिल्या रात्री कोणीच काही बोललं नाही,
ती धरायची की नाही ते तुम्ही बघा.

मग त्याने कनवटीची गाठ सोडली. मोहाच्या बिया.
एक तक्रार, एक बी, खाली ठेवायची,
समोरच्याने उचलेपर्यंत
पुढचं बोलायचं नाही.
पण टेबलाला काच. बिया घरंगळल्या,
एक कुठेतरी बुटांमध्ये गेली.
शिपाई तांडेल, कुणी न सांगता,
कॉरिडॉरमधली मनी प्लांटची कुंडी घेऊन आला
आणि मूठभर माती काचेवर ओतली.
उपसचिव फाइलकडे बघत राहिले.

ही बी हवालदार.
ही, ज्याने त्याला बांधून ठेवलं तो पोरगा.
दोघांच्या आज्या एकाच नाल्यावर पाण्याला यायच्या.
दोघांची नावं मीच ठेवली.

तो शब्द मी मराठीत आणायला नको होता.
नावं, साहेब म्हणाले,
आणि पेनाचं टोपण काढलं.

गायता बराच वेळ बोलला.
माझ्याकडे नाही, मातीकडे बघून.
मी सगळं ऐकलं.
काय म्हणतायत?
म्हणतायत, पाणी मिळेल का.

साडेपाचला पास परत दिला.
पाच मिनिटांवर समुद्र. कठड्यावर जोडपी, एक चणेवाला.
कपाळावर हात धरून त्याने लांबवर पाहिलं.
पलीकडे कोण राहतं?
पलीकडचा काठच दिसत नाही, बाबा.
मग इथल्या माणसांचं भांडण झालं
की ती जाऊन बसतात कुणाकडे?

मला माडियात उत्तर आठवेना.
मराठीतही.
बुरक्यातली आंबील आम्ही आळीपाळीने प्यायलो,
प्रवासात फार आंबली होती.
त्याने बिया मोजल्या. सहा.
सातवी तिथेच राहू दे, म्हणाला,
कोणीतरी उचलेल.

सहाव्या मजल्यावर सकाळी सातला झाडू मारतात,
हे मी त्याला सांगितलं नाही.