हद्द

विट्याच्या कॉलेजात, दुपारच्या चौथ्या तासाला
मी फळ्यावर एक किनारा काढते.
खडू मोडतो, म्हणून किनाराही तिथंच मोडतो.
इथं जहाजं लागली, मी सांगते,
आपल्या देवाला आपल्या पद्धतीनं हाक मारता यावी
म्हणून राजाला पाठ दाखवून आलेली माणसं.
मागच्या बाकावर कुणीतरी डाळिंब सोलतंय.

आणि मग सात-आठ वर्षांत
(इथं मी दरवर्षी थांबते)
सात-आठ वर्षांत त्याच माणसांनी
एका बाईला सभेपुढं उभं केलं.
सुईणपण करायची. तेव्हा स्वतःच पोटुशी.
घरात बायका गोळा करून
पाद्र्याच्या प्रवचनातले खडे निवडायची.
पुढं पुरुषही ऐकायला येऊ लागले, तिथं बिघडलं.
तुला हे कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं.
देवानं, ती म्हणाली. थेट.
एवढ्यावर हद्दपार.

पुस्तकात याच्या अडीच ओळी आहेत.
मी अख्खा तास घेते,
कारण माझ्या आईची चुलती गजराक्का.

बेचाळीसला ती भाकरीच्या दुरडीत
तळाशी काडतुसं घालून येरळेचं पात्र ओलांडायची,
कलिंगडाच्या वेलांवर पाय न देता.
एकदा फौजदारानं दुरडी उतरवायला लावली,
वरची भाकरी उचलली
आणि तिथंच खाल्ली.
तिनं वर चटणी वाढली.

चिंचेखाली तेव्हा गावाचं स्वतःचं कोर्ट भरायचं.
सावकाराच्या वह्या तिथं जळाल्या,
बायकोला मारणाऱ्याच्या तळव्यांवर काठ्या तिथंच.
सरकार मानत नाही म्हणणारी माणसं.
आमचीच.

एकावन्न साली तीच चिंच, तीच माणसं,
टोप्यांना फक्त इस्त्री आलेली.
मधे गजराक्का.
गुरुवारी तिच्या सोप्यात बायका जमतात म्हणून.
देवीचं बोलणं कळायला मधी गुरव कशाला, बोकड कशाला,
असं त्यांना सांगते म्हणून.
आणि जत्रेची पट्टी, सव्वा रुपया, बुडवली म्हणून.
"तुला कुणी सांगितलं ह्ये?" तातोबा खराडे विचारतात.
याच तातोबाला तिनं अकरा दिवस
कडब्याच्या गंजीत लपवला होता,
त्याचं हागणंमुतणं काढलं होतं.
"सायबाचं ऐकू नगा म्हून तुमास्नी कुणी सांगितलं हुतं?"
ती म्हणाली.
"त्येनंच."

एक बोटूक पडलं म्हणतात चिंचेवरून.
बाकी कुणी हललं नाही.

वाळीत टाकायला बंदी करणारा कायदा झाला होता,
तालुक्याला, कपाटात.
गावात न्हावी थांबला, गिरणी थांबली,
ती आडावर गेली की सगळ्यांच्या घागरी भरलेल्या असत.
शेवटी नदी उतरून पल्याड गेली.
सोबत सात बायका आणि एक म्हैस.
चार नवरे मागाहून, धोतरं खोचून.

तिथं आता शंभरभर उंबरे आहेत,
झेडपीची शाळा, दूध डेअरी,
गजराक्काच्या नावाची कमान.
आणि गेल्या वैशाखात त्या कमानीखाली बसून
वस्तीच्या पंचांनी
मनानं लग्न केलेल्या एका पोरीला

घंटा होते.

वर्ग रिकामा झाल्यावर डाळिंबवाली टेबलाशी येते.
कांचनमाला लोंढे, हजेरी नंबर एकतीस,
पल्याडच्या वस्तीवरनं सायकलनं येते.
ती पोरगी तिची थोरली बहीण.
मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तिलाही.
"बाई, ती पोटुशी होती, मग कुठं गेली?"
हिवाळाभर एका परक्या घरात कोंडली, मी सांगते,
मग बर्फातनं चालत. सहा दिवस.
"सोबत कोण हुतं?"
लेकरं.
ती फळ्याकडं बघते, जिथं किनारा तुटलाय तिथं.
मग उरलेलं अर्धं डाळिंब
हजेरीपटावर ठेवून निघून जाते.

साडेपाचची गाडी मला मिळत नाही.
हातांवर खडू, हजेरीवर लाल डाग,
नेमका कुणाच्या नावावर, बघायचं राहून गेलं.