डब्याच्या मागची अक्षरं

जिंतूर नाक्यावर अजून मला पेंटरच म्हणतात.
सव्वीस वर्षं एमएच बावीस लिहिलं,
पांढऱ्यावर काळं, पिवळ्यावर काळं,
दोनाची मान जराशी वाकवून.
कुणी मराठी आकडे मागितले तर तेही दिले,
दंड ज्याचा तो भरी.
मग पाटीचा नियम बदलला.
कारखान्यातून ठोकून यायला लागली ॲल्युमिनियमची पाटी,
कोपऱ्यात चमकती टिकली, पुन्हा न निघणारे खिळे.
माझे ब्रश रॉकेलच्या टोपणात
उभ्या उभ्या वाळले.

आता गौसभाईच्या काउंटरवर ऑइल विकतो.

सवय जात नाही. डबा हातात आला
की आधी अक्षर बघतो, मग किंमत.
समोर सोनेरी पट्टा, पळती मोटार, ‘प्रीमियम’.
हे काम मीही केलंय.
ट्रकच्या मागं मोर काढलेत दीडदोनशे,
मोरानं ट्रक ओढला नाही कधी.
खरं काय ते पाठीमागं असतं,
गोल शिक्क्यात, मुंगीएवढं:
एसएन होतं, एसपी झालं.
डबा तोच. झाकण तेच.
नव्वद रुपये जास्त.

“काहून पेंटर, एका अक्षराचे नव्वद?”
मानवतचे मसाजी. काउंटरवर कोपर, दाढेत बडीशेप.
बाहेर त्यांची दोन हजार चारची व्हॅन,
टपावर बँडचे ढोल, आत क्लॅरनेटवाला झोपलेला.
काय सांगू त्यांना?
की हे अक्षर नव्या बारक्या टर्बोवाल्यांसाठी आलंय,
हळू चालताना एकदम जोर मागितला
की वेळेआधीच भडकतं त्यांच्या पोटात,
चेन झिजते, पिस्टन तडकतो;
तुमच्या व्हॅनीला टर्बोही नाही, चेनही नाही.
कंपनीच्या पोराला मी हे दोनदा विचारून घेतलंय.

गौसभाई गाडीखालूनच बोलले,
“नवं घाला, जुनं घाला, तिला दोन्ही पचतंय.
पण मागच्या बारीला काडी कोरडी निघाली होती, मसाजी.
कोरड्या काडीला कोणतं अक्षर लावू?”
मसाजी हसले नाहीत.
जुना डबा घेतला,
आणि वाचलेल्या नव्वदात फिल्टर.

त्याच दिवशी, उन्हं कलताना, झरीच्या दवाखान्यातल्या
कीर्तिमाला सिस्टर. गाडी लाल, तीन सिलिंडरची,
सीटवरचं प्लास्टिक तसंच.
“स्वस्तातलं द्या हो, तेल ते तेल.”
मी म्हटलं, पुस्तक काढा.
कप्प्यातून निघालं, पिशवीसकट, एकदाही न उघडलेलं.
ऑइलचं पान सापडायला वेळ लागला.
बोट ठेवून त्यांनीच वाचलं, मोठ्यानं,
मग डबा उलटा करून मागचं वाचलं,
मग पुन्हा पुस्तक.
“आम्हीही बाटलीवरचं वाचल्याशिवाय
सुई भरत नाही,” म्हणाल्या,
आणि नव्वद रुपये सुटे मोजले.
सोनेरी पट्ट्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

रात्री शटर ओढायच्या आधी
मागच्या फळीवरचे एसएनचे सात डबे पुसतो.
ते काल चांगले होते, आजही आहेत.
फक्त कुठं तरी, कुणाच्या तरी इंजिनात
त्यांना न झेपणारं काही घडलं,
म्हणून अक्षर पुढं सरकलं.
पाटीचंही तसंच असेल.
खोट्या नंबरच्या गाड्या सापडतात म्हणे आता.
असेल. मला हे कबूल करायला दोन वर्षं लागली.

गुरुवारी माझ्या स्कूटरलाही नवी पाटी बसली.
जुनी, माझ्या हातची, तिथल्या पोरानं
भंगारात टाकायला हात पुढं केला.
म्हटलं, राहू दे, काम आहे.

सुट्या ऑइलच्या पिंपाची तोटी गळते.
तिच्याखाली ठेवलीय.
सकाळी येऊन बघतो:
बावीसच्या दोन्ही दोनांवर
पातळ, मधाच्या रंगाचं,
आणि खालचा काळा रंग
अजून उठलेला नाही.