लाल सहाशे

तिलेन आला तेव्हा मी साखळीला तेल देत होते.
हातात हेल्मेट, त्यावरचं लेबलही अजून काढलेलं नाही,
खिशात दोन हिवाळ्यांच्या रात्रपाळीचे पैसे
(येसेनित्सेत सगळ्यांचे पैसे पोलादातूनच येतात)
आणि बोट सरळ काचेमागच्या लाल गाडीकडे.
"ही."
लायसन्स मिळून अकरा दिवस झाले होते.

मी नाही म्हणाले नाही.
नाही म्हटलं की पोरं रुडीकडे जातात,
तो पुलापलीकडे बसतो, सगळ्यांना हो म्हणतो
आणि वर हातमोजे फुकट देतो.

बस, म्हटलं.
बसला. म्हणजे ओणवा झाला,
टाकीला कान लावून आत कुणी बोलतंय का ऐकावं, तसा.
सगळा भार मनगटांवर.
आरशात मागचा रस्ता शोधला,
तर तिथे त्याचेच दोन कोपर.
"कसं वाटतंय?"
"भारी."
चोवीस वर्षांच्या मनगटांना सगळं भारीच वाटतं,
पहिला सिग्नल लागेपर्यंत.

सहाशे सीसी, मी म्हटलं,
सात हजारांपर्यंत ही गाय आहे.
नंतर हिच्या अंगात कोण येतं ते मलाही ठाऊक नाही,
आणि मी हिचं इंजिन तीनदा उघडलंय.
तो हसला. गाय एवढीच त्याने ऐकली.

मग म्हटलं, इंजिन बंदच ठेव,
ढकलत ने आणि अंगणात वळवून आण.
एवढंच.
हँडल थोडं वळलं आणि अडलं,
हट्टी बैलाची मान अडते तसं.
त्याने जोर केला. पाय खडीवर सरकला.
उभी गाडी पडते तेव्हा फार सावकाश पडते;
माणसाला सगळं कळायला वेळ मिळतो,
हात लावायला मात्र मिळत नाही.

कडक.

बाजूच्या लाल प्लास्टिकला वीतभर तडा.
पोरगं पांढरंफटक.
मी मनात हिशेब केला: नऊ रात्रपाळ्या.
तोंडाने म्हटलं, पाठ सीटला लाव,
गुडघे वाक, आता उलटं चालत ये.
उचलता आली की पडण्याची निम्मी लाज जाते.

कॉफी दिली. कप धरताना माझी करंगळी
वर राहिली, राहतेच.
नाजूकपणा नव्हे तो.
वर्शिचच्या घाटात वळणावळणावर जुने दगड आहेत,
पाऊस नसला तरी नुसत्या सावलीने ओले.
मी एकवीस वर्षांची, गाडी अशीच, पांढरी,
घेऊन नऊ दिवस झालेले.
चोविसाव्या वळणावर मनगट घाबरलं,
घाबरलं आणि आवळलं,
आणि आवळलेलं मनगट म्हणजे वाढलेला वेग.
एवढं साधं वाक्य
शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल
आणि मीही फक्त गाय ऐकली असेल.

"मग पस्तावलात?"
खोटं का बोलू.
त्याच्या आधी तेवीस वळणं होती.
हे मी त्याला सांगितलं नाही. कॉफी संपवली.

कोपऱ्यात एक करडी गाडी आहे.
दोन सिलिंडर, उंच हँडल, सीटला टाके घातलेले,
कुठल्याच पोस्टरवर नसलेली.
आधीच्या तिघांनी तिला पाडलीय, तिला सवय आहे.
बर्फ पडेपर्यंत ही चालव, म्हटलं,
वसंतात ये, लाल इथेच असेल,
तुझा तडा मी भिंतीकडे करून ठेवते.

रागातच किल्ली घेतली.
अपमान झाल्यासारखा सरळ बसला,
म्हणजे बरोबर बसला.
फाटकापर्यंत नीट गेला आणि रस्त्यावर वळताना
गाडी बंद पडली. आचके देत. भर चौकात,
बेकरीसमोर, जिथे बाकावर सगळं गाव बसतं.
त्याने झटकन मागे वळून पाहिलं.

मी साखळीला तेल देत होते.
दिलेलंच, पुन्हा.