आजची तारीख

सकाळी साडेआठला बटण दाबलं
की तो आधी आपली मेमरी मोजतो,
मग थांबतो आणि विचारतो: तारीख?
त्याच्या लेखी रोज
एक जानेवारी नव्व्याण्णव असते.
आतला सेल केव्हाचा मेला.
नवा टाकला, तोही मेला, मग मी नाद सोडला.
एवढंच तर मागतो. सांगते.

पांढरकवड्याच्या रस्त्यावर
जिनिंगच्या फाटकाला लागून हे काटाघर, दहा बाय आठ.
खिडकीबाहेर काटा, काट्यावर ट्रक.
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक म्हणजे कापूस.
हे गणित त्याला येतं.
दुसरं काही मी त्याला कधी विचारलं नाही.

प्रोग्राम अमरावतीच्या तिजारेंनी लिहिला होता,
दोन फ्लॉप्या, वर पेन्सिलीनं फोन नंबर.
अडलं तर लावा, म्हणाले होते.
अडलं तेव्हा लावला.
खामगावच्या एक बाई बोलल्या. तिजारे कोण, त्यांना ठाऊक नाही.
त्यांचा मुगाच्या पापडांचा धंदा.
आता दर मार्चात मी दोन किलो मागवते
आणि अडलेलं माझं मीच निस्तरते.

रुई सगळीकडे जाते.
पंख्यात, कीबोर्डच्या फटीत, प्रिंटरच्या दातांत.
शनिवारी झाकण काढून
रंगाऱ्याच्या ब्रशनं त्याला झाडते.
एकदा आत पालीची दोन अंडी होती, उबेला.
झाकण तसंच परत लावलं.

कपाटावर बारदानात बांधलेली त्याची भावंडं:
एक बंद पडलेल्या शाळेचं,
एक मारेगावच्या झेरॉक्सवाल्याचं,
एक भंगारातून किलोवर घेतलेलं
(आमच्या काट्यावर नव्हे, तो दहा किलोच्या आतलं जुमानत नाही).
याची डिस्क, त्याचा पंखा,
असा तो आता निम्मा दुसराच आहे.

दिवाळीनंतर नागपूरहून इंजिनिअर आला, निनाद भोयर.
"मॅडम, मी पहिलीत होतो तेव्हा याचा सपोर्ट संपला."
म्हटलं, संपला असेल.
याला बाहेरची एकही तार जोडलेली नाही,
बातमी पोचणार कशी?
तो हसला नाही. त्याचं बरोबरच होतं.
ऐन सीझनमध्ये डिस्क बसली तर
पार पुलापर्यंत गाड्यांची रांग, आणि शिव्या मला.
मी चहा सांगितला. त्यानं कोटेशन दिलं.
मालक म्हणाले, पुढल्या वर्षी पाहू.
हे पाचवं पुढलं वर्ष.

एकदा मला ताप होता, तारीख सांगायची राहिली.
अकरा गाड्या नव्व्याण्णवात मोजल्या गेल्या.
अकरावीचा ड्रायव्हर पावती घेऊन माघारी आला,
मिसरूड नुकतंच फुटलेलं.
"ताई, या तारखेले तं मी पैदाच नव्हतो झालो.
मंग हे नऊ टन आनले कोनं?"
पेनानं खोडून आजची तारीख घातली,
खाली सही केली: रेवती कुमरे.
त्याची दुसरी प्रत अजून ड्रॉवरमध्ये आहे.
नव्व्याण्णवात इथे काटा नव्हता.
बाभळी होत्या, आणि याच वळणावर
मी काकाची सायकल शिकत होते, नळीत पाय घालून.
तोही तेव्हा कुठल्याशा ऑफिसात
नवाकोरा असणार, प्लास्टिकच्या टोपीखाली.

मे महिन्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे,
माझ्याकडे टेबलफॅन.
हमाल म्हणतात, "बाई, आमच्याकडे बी वळवा ना थोडा."

संध्याकाळी शेवटची गाडी रिकामी होऊन जाते.
मी त्याला आवरायला सांगते.
तो जरा घरघरतो, मग काळ्यावर नारिंगी अक्षरांत लिहितो
की आता बंद करायला हरकत नाही.
बटण मात्र आपणच दाबायचं.

कुलूप लावताना फाटकावरचा टेकाम
हजेरीचं रजिस्टर उघडून बसलेला, पेन कानावर.
"ताई, आज किती तारीख हाये?"